मठाच्या तळघरातील खेळाडू

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की, "आता पुरे झाले खेळणे," असे म्हणण्याचा प्रघात आपल्या पुष्कळ घरांत अजून आहे. अशा आईबापांनी थेरेसा शँक या अमेरिकन मुलीची हकीकत अवश्य ऐकावी.

थेरेसाचा जन्म १९५२ साली पेन्सिल्वेनिया राज्यात झाला. बास्केटबॉलमध्ये ती शाळेपासूनच निपुण होती. शिक्षणासाठी दूरच्या महाविद्यालयात जाण्याचे ठरले असतानाच तिच्या घराला आग लागून होते नव्हते ते सारे जळून गेले. अशा वेळी आईबापांना सोडून जाणे तिला प्रशस्त वाटेना. घरून जाऊन-येऊन शिकता यावे म्हणून तिने फिलाडेल्फियाजवळचे इमॅक्युलाटा हे महाविद्यालय पत्करले.

मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या धर्मभगिनींनी चालविलेली ही मुलींची लहानशी संस्था. तिची व्यायामशाळाही १९६७ साली आगीत नष्ट झालेली. त्यामुळे मुली मठाच्या तळघरात सराव करीत. १९७० साली आलेल्या मार्गदर्शिका कॅथी रश यांना साऱ्या हंगामाचे मिळून अवघे ४५० डॉलर मिळत.

१९७२ साली राष्ट्रीय स्पर्धा भरली. सोळा संघांत इमॅक्युलाटाचा क्रम पंधरावा होता. थोड्याच दिवसांपूर्वी वेस्ट चेस्टरच्या संघाने त्यांना ३२ गुणांनी धूळ चारली होती. प्रवासखर्चासाठी मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकले. तरीही आठच खेळाडूंची सोय झाली. विमानात जागा रिकामी राहिली तरच चढता येईल, अशी स्वस्त तिकिटे काढून त्या निघाल्या. अंतिम सामन्यात गाठ पडली ती पुन्हा वेस्ट चेस्टरशीच, आणि इमॅक्युलाटाने ५२-४८ असा विजय मिळविला. त्यांपैकी २६ गुण एकट्या थेरेसाचे होते! पुढे १९७३ व १९७४ सालीही हेच विजयी ठरले. प्रेक्षकांत बसून बादल्या बडविणाऱ्या धर्मभगिनींची तर देशभर ख्याती झाली.

विवाहानंतर थेरेसा ग्रेंट्झ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी पुढे शिकविण्याचे व्रत घेतले. १९७६ साली रटगर्स विद्यापीठाने त्यांना नेमले, तेव्हा स्त्रियांच्या बास्केटबॉलसाठी पूर्णवेळ नेमलेल्या त्या अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षिका ठरल्या. १९८२ साली त्यांच्या संघाने टेक्सासला ८३-७७ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. १९९० साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिका जगज्जेती झाली.

अपयशही त्यांच्या वाट्याला आले. १९८४ व १९८८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविलेला संघ १९९२ साली बार्सिलोना येथे त्यांच्या हाती होता, आणि उपांत्य सामन्यात तो हरला. देशाची निराशा झाली. परंतु बाईंनी खचलेल्या मुलींना पुन्हा उभे केले आणि क्यूबाला हरवून कांस्यपदक आणले. त्यानंतरही त्या अनेक वर्षे शिकवीत राहिल्या. २०२२ साली बास्केटबॉलच्या जगप्रसिद्ध सन्मानमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले.

प्रत्येक मुलगी थेरेसा होईल असे नाही. परंतु तळघर का होईना, तिला खेळावयास जागा देणाऱ्या आणि बादल्या वाजवून धीर देणाऱ्या भगिनी नसत्या, तर तीही झाली नसती. चर्चच्या आवारात मुलगे रोज संध्याकाळी चेंडू खेळतात. तेथे एक तास मुलींसाठी राखून ठेवावयास काय हरकत आहे?