लखलखत्या पडद्याविषयी एका ओळीची सूचना

प्रति,
मा. अध्यक्ष, केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, मुंबई

भयपटात वीज कडाडते, ट्यूबलाइट फडफडते, टॉर्च पेटत-विझत राहतो. ही उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा होऊ लागली, की प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या प्रेक्षकाला फिट येऊ शकते. सेकंदाला 15 ते 25 ही गती विशेष घातक. गडद लाल रंग आणि काळोख त्यात भर घालतात. अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे सुमारे तीनच, पण त्यांत मुले व किशोरवयीन अधिक, आणि पहिली फिट येईपर्यंत कित्येकांना त्याची कल्पनाही नसते. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातील लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. ती तर कार्टून मालिका होती! घाबरून डोळे मिटल्यानेही भागत नाही, कारण प्रकाश पापण्यांतून आत शिरतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवणे अधिक उपयोगी.

बाकीचे त्रास त्यामानाने किरकोळ: हिंदकळत्या कॅमेऱ्याने मळमळ, रक्त पाहून रक्तदाब उतरणे व भोवळ, कानठळ्या बसवणारा आवाज.

आमच्या चिंचणीत आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र फिटीला दुसरेच नाव मिळण्याची भीती असते. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची रीत महाराष्ट्रात अजून गेलेली नाही. त्यात ती भुताचा चित्रपट पाहताना आली, तर ‘बाहेरचं लागलं’ हे निदान तयारच. मग भगत आधी, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय नंतर. वास्तविक रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटके पाच मिनिटांत न थांबल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

‘तुंबाड’ (2018) या भयपटाला मिळालेले ‘ए’ प्रमाणपत्र प्रेक्षकाचे वय सांगते. चित्रपट कायद्यातील 2023च्या दुरुस्तीने आलेले 7, 13 व 16 हे ‘यूए’ गटही वयाचेच. लखलखाटाबद्दल प्रमाणपत्र गप्प असते. तंबाखूविषयीची सूचना 2012पासून पडद्यावर सक्तीची आहे, तेव्हा नवी सूचना अवघड म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरील दृश्यांची लुकलुक प्रसारणापूर्वी मोजली जाते. मंडळाने तशीच मोजणी प्रमाणपत्रापूर्वी करून घ्यावी, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या चित्रपटाची सूचना सुरुवातीच्या पाटीवर, जाहिरातीत व तिकीट खिडकीवर मराठीत लावायला लावावी. केवळ पडदा उजळल्यावर दिलेली सूचना उशिराचीच. तोवर तिकिटाचे पैसे गेलेले असतात आणि उठून जायला कोणी धजत नाही.

– चिंचणी (ता. डहाणू, जि. पालघर) येथील एक प्रेक्षक