बत्तीस दिवसांचा विक्रम कुणाचा?

१ एप्रिल २०२५ रोजी झोजी ला ही खिंड वाहतुकीला खुली झाली. श्रीनगरहून द्रास, कारगिल आणि लेहकडे जाणारा रस्ता इथे साडेअकरा हजार फुटांवर चढतो व हिवाळ्यात बर्फाखाली गडप होतो. एके काळी तो पाच-सहा महिने बंद असे. २०२३ साली ६८ दिवसांत तो उघडला आणि २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांत. 'विक्रम' असे मथळे झळकले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे आणि तो मलाही वाटतो. पण विक्रम दिवसांत मोजला गेला. कमी झालेल्या त्या दिवसांची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मात्र मथळ्यांत कुठे दिसला नाही.

आपण मुसळधार पावसाची माणसे. बर्फ आपल्याला माहीत तो उसाच्या रसातला, नाहीतर सिनेमातला. तो पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो आणि फावड्याने सहज दूर होतो, अशी आपली समजूत. नुकता पडलेला बर्फ खरेच हलका असतो; एका घनमीटरचे वजन पन्नास ते शंभर किलो. पण वाऱ्याने दाबून बसलेला बर्फ तीनशे-चारशे किलोंवर जातो. डोंगरावरून कोसळून आलेला बर्फ तर पाचशे किलोंच्याही पुढे जातो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. त्यात दगड असतात, झाडांची खोडे असतात. असा थर रस्त्यावर वीस-पंचवीस फूट साचला, की खालचा रस्ता कुठे आणि दरी कुठे हेच कळत नाही.

हा बर्फ हटवतात कसा? आधी डोझर पुढे जातो. तो वरून थराथराने कापत खाली उतरतो आणि दरीच्या बाजूला माल ढकलतो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या राहिल्या, की ढकलायला जागा उरत नाही. तेव्हा स्नो ब्लोअर येतो. त्याच्या तोंडाशी स्क्रूसारख्या पात्यांचा आडवा दांडा फिरत असतो. तो बर्फ खरवडून आत ओढतो. आतला वेगवान पंखा तो नळकांड्यातून भिंतीपलीकडे फेकतो. कॅनडातील आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली असे यंत्र बनवले. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. तिथे माणसाला जशी धाप लागते, तशी साध्या डिझेल इंजिनालाही लागते. थंडीने डिझेल गोठू लागते ते वेगळेच.

या यंत्रातली एक लहानशी वस्तू मला फार बोलकी वाटते. फिरत्या दांड्याला मुद्दाम कमी ताकदीची एक पिन बसवलेली असते. पात्यांत दगड अडकला, की आधी ती पिन तुटते आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. नवी पिन घातली, की काम पुन्हा सुरू. यंत्राच्या बाबतीत ही हुशारी आहे. माणसांच्या बाबतीत हीच व्यवस्था चालू राहिली, तर तिला काय म्हणायचे?

याच विक्रमाच्या आधी महिनाभर काय घडले ते आठवावे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी, सीमा सडक संघटनेच्या छावणीवर बर्फाचा लोंढा कोसळला. रस्त्याच्या कामावरचे ५४ कामगार त्यात सापडले. ४६ जणांना वाचवण्यात आले, ८ जण गेले. हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या चंदीगडच्या संरक्षण संस्थेने आदल्याच दिवशी त्या जिल्ह्यासाठी इशारा दिला होता. म्हणजे धोका कळवणारे शास्त्र आपल्यापाशी आहे. तो इशारा काम थांबवण्यापर्यंत, छावणी हलवण्यापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, सीमेवरचा रस्ता आहे, तिथे लाड चालत नाहीत. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या बेळगाव भागात ज्या घरातला कुणी फौजेत नाही असे घर शोधावे लागते. त्या फौजीचे रेशन, टपाल, रजा, सारे त्या रस्त्यावर अवलंबून असते. लडाखमधल्या रुग्णाला आणि भाजीवाल्यालाही रस्ता हवाच आहे. १९४८ च्या नोव्हेंबरात कोडगूचे सुपुत्र मेजर जनरल थिमय्या यांनी याच झोजी लावर रणगाडे चढवले. त्याआधी मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांची वाट रणगाड्यांसाठी रुंद केली होती. वाट करणाऱ्यावाचून लढणारा पुढे जात नाही. म्हणूनच वाट करणाऱ्याचा जीव स्वस्त धरता येत नाही.

आणि रस्ता लवकर उघडायचा म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. मे महिन्यात साफ करायचा बर्फ मार्चमध्ये साफ करायचा, म्हणजे डोंगर अजून भरलेला असताना त्याच्या पायथ्याशी यंत्र घेऊन बसायचे. दिवस जितके कमी, तितका हा मुक्काम धोक्याचा. यंत्रे मोठी झाली म्हणून धोका लहान होत नाही. बोगदे झाले की हे संपेल, असेही कुणी समजू नये. रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० साली खुला झाला, पण त्याच्या दोन्ही तोंडांशी पोहोचणारे रस्ते उघड्यावरच आहेत. तिथे आजही बर्फ काढावा लागतो.

या कामावर कायम नोकरीतले लोक असतात, तसे हंगामी मजूरही असतात. झारखंडमधील दुमका भागातून कित्येक जण दरवर्षी लडाखकडे जातात. ज्यांच्या गावी कधी बर्फ पडला नाही, ते बर्फाशी झुंजतात. सीमा सडक संघटना १९६० सालची. या हंगामी मजुरांसाठी १० लाख रुपयांच्या सामूहिक विम्याची योजना मंजूर झाली ती २०२४ च्या जानेवारीत. उशिरा का होईना, झाले हे चांगले. पण विमा मरणानंतर कामी येतो. मरण टाळण्याची व्यवस्था त्याच्या आधी हवी.

माझे म्हणणे थोडक्यात असे. 'इतक्या दिवसांत रस्ता उघडला' हे जाहीर करताना, इशाऱ्यामुळे किती दिवस काम थांबवले आणि किती जण सुखरूप परतले हेही जाहीर व्हावे. लोंढ्याच्या वाटेत छावणी नसावी. 'आज पुढे जाऊ नये' असे डोझरवरच्या चालकाने सांगितले, तर त्याचा शब्द कचेरीतल्या तारखेपेक्षा वरचा मानावा. तो डोंगर त्याच्याइतका जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेला नसतो.

आपल्यापैकी काही जण उद्या इंजिनिअर होतील, काही अधिकारी, काही फौजेत जातील. कुठल्या ना कुठल्या कामाची मुदत ठरवणारी सही आपल्या हातून होईल. त्या मुदतीखाली कोण राबणार आहे, हे सही करण्यापूर्वी विचारण्याची सवय याच वयात लावून घेतली पाहिजे. बत्तीस दिवसांचा विक्रम पुढे एकतीस दिवसांचा झाला नाही, तर देशाचे काही बिघडणार नाही. गेलेले सगळे घरी परत आले, तर तो विक्रम मी अधिक मोठा मानीन.