कान असलेली रेकॉर्ड, कान नसलेली रेकॉर्ड

गेल्या महिन्यात एक तरुण पुण्याहून मुंबईला खास माझ्या घरी आला. त्याला माझ्याकडची एक रेकॉर्ड विकत घ्यायची होती. आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्सची, ब्लू नोट कंपनीची, क्रमांक ४००३. लोक तिला 'मोनिन' म्हणून ओळखतात, कारण तिच्यातली पियानोवादक बॉबी टिमन्सची त्या नावाची धून फार गाजली. आमची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थाने त्याला सांगितलं होतं, की ही फर्स्ट प्रेसिंग आहे, म्हणजे रेकॉर्ड पहिल्यांदा बाजारात आली त्या वेळची प्रत. ती तशी नव्हती. मला ते माहीत होतं आणि मध्यस्थालाही माहीत होतं.

तो येण्याच्या आदल्या रात्री मध्यस्थाचा फोन आला. म्हणाला, "साहेब, तुम्ही फक्त गप्प बसा. त्याला गाणं तेच ऐकायला मिळणार आहे ना? मग त्याचं गेलं काय?"

हा प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. म्हणूनच हा लेख.

ही रेकॉर्ड माझ्या मामूंची. मामू रत्नागिरीकडचे, आयुष्यभर जहाजावर खलाशी. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांचं जहाज न्यूयॉर्कला लागलं होतं, तेव्हा त्यांनी ती घेतली. जॅझ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानातल्या माणसाने त्यांचं नाव विचारलं आणि कव्हरवरच्या ब्लेकीकडे बोट दाखवून सांगितलं, की हा ड्रम वाजवणारा मुसलमान आहे. तेवढ्यावर मामूंनी खिशात हात घातला. दुकानदाराने फसवलं नव्हतं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ब्लेकीने इस्लाम स्वीकारला होता, त्याचं नाव अब्दुल्ला इब्न बुहैना, आणि त्याचे साथीदार त्याला शेवटपर्यंत 'बू' म्हणत राहिले.

तो एकटा नव्हता. एडमंड ग्रेगरीचा साहिब शिहाब झाला, पिट्सबर्गच्या फ्रेडरिक रसेल जोन्सचा अहमद जमाल, विल्यम हडलस्टनचा युसुफ लतीफ. यातले बरेच जण अहमदिया मिशनच्या मार्फत इस्लामपर्यंत पोहोचले. त्या पंथाविषयी आपल्याकडे काय वाद आहेत ते मला ठाऊक आहे, इथे तो विषय नाही. विषय एवढाच, की "मुसलमानाचा आणि जॅझचा संबंध काय" असं विचारणाऱ्यांना उत्तर रेकॉर्डच्या कव्हरवर छापलेलं आहे. आणि "संगीत जायज आहे का" असं विचारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पुढचा मुद्दा त्यांनाही लागू पडेल, कारण तो संगीताचा कमी आणि व्यवहाराचा जास्त आहे.

आता ही फर्स्ट प्रेसिंग ओळखायची कशी?

स्टुडिओतल्या टेपवरून आधी एका मऊ तबकडीवर खाच कापली जाते. तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि त्या साच्यांत रेकॉर्डी दाबून काढतात. साचा झिजला की दुसरा येतो. म्हणून एकाच रेकॉर्डच्या प्रती वर्षानुवर्षे निघत राहतात, आणि प्रत्येक खेपेला कुठे ना कुठे खूण राहते. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये एक कोरा, गुळगुळीत पट्टा असतो. तो दिव्याखाली तिरका धरायचा. ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्डीवर तिथे 'आरव्हीजी' अशी अक्षरं दिसतात. ही रूडी व्हॅन गेल्डरची सही. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्मे द्यायचा आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीत हॅकनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. ४००३ त्याच दिवाणखान्यात ३० ऑक्टोबर १९५८ रोजी रेकॉर्ड झाली.

त्याच पट्ट्यावर दुसरी एक छोटी खूण असते. इंग्रजी 'पी' अक्षर वळणदार लिहावं तशी, पण दिसते माणसाच्या कानासारखी. जगभरचे संग्राहक तिला 'इअर' म्हणजे कानच म्हणतात. ब्लू नोटच्या रेकॉर्डी ज्या प्लास्टीलाइट कारखान्यात निघत, त्याची ही खूण. १९६५ मध्ये आल्फ्रेड लायनने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली, त्यानंतर रेकॉर्डी दुसरीकडे निघू लागल्या आणि कान गेला.

तिसरी खूण लेबलवरच्या पत्त्याची. आधी लेक्सिंग्टन अव्हेन्यू, १९५७ नंतर ४७ वेस्ट ६३ वा रस्ता, आणि साठच्या दशकात नुसतं न्यूयॉर्क, यूएसए. पण पत्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. छापून ठेवलेली लेबलं आणि कव्हरं कोण फेकून देतो? लिबर्टीनेही जुनी लेबलं वापरली. म्हणून न्यूयॉर्कचं लेबल आहे पण कान नाही, अशा प्रती सापडतात. लेबलवर दाबलेल्या खोल रिंगचंही तसंच. दाबयंत्राचे जुने भाग एकदम बदलले गेले नाहीत, त्यामुळे एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला नाही, असाही प्रकार दिसतो. एका खुणेवरून निकाल देऊ नये, सगळ्या जुळवून पाहाव्यात.

मामूंच्या रेकॉर्डवर न्यूयॉर्कचा पत्ता आहे, व्हॅन गेल्डरची अक्षरं आहेत, कान नाही. म्हणजे कंपनी विकली गेल्यानंतरची प्रत. मामूंच्या सफरीशीही ते जुळतं.

बाजारात कान असलेल्या चांगल्या प्रतीला जी किंमत येते, तिच्या कितीतरी खाली ही प्रत विकली जाते. आणि इथे माझी संग्राहक मंडळींशी पहिली तक्रार आहे. ज्ञान म्हणून जे सुरू झालं त्याची आपण जातउतरंड करून टाकली. वर पहिली प्रत, तिच्याखाली दुसरी, तळाला मागाहून निघालेल्या प्रती. कान नाही म्हटल्यावर लोक रेकॉर्ड लावूनही पाहत नाहीत. अरे, पण खाच कापली ती व्हॅन गेल्डरनेच! त्याची अक्षरं पट्ट्यावर आहेत. ब्लेकीचा ड्रम त्याच खाचेतून येतो. साचा थोडा झिजलेला असेल, प्लास्टिकचा दर्जा वेगळा असेल, ते कानाने ठरवा. दिव्याखाली कान शोधायचा आणि स्वतःचे कान मात्र बंद ठेवायचे, हे कसलं शौकीनपण?

याचा अर्थ सगळ्या प्रती सारख्या असाही नाही. पुढे मोनो रेकॉर्डिंगांना यंत्राने ओढूनताणून 'स्टिरिओ' केलेल्या प्रती निघाल्या. त्या ऐकल्यावर वादक विहिरीत बसलेत असं वाटतं. तेव्हा खुणा ओळखायला शिकणं गरजेचं आहेच. प्रश्न त्या ज्ञानाचं करायचं काय, हा आहे.

मध्यस्थाने नेमका माझाच युक्तिवाद मला ऐकवला होता. आवाज तोच आहे, मग त्याचं गेलं काय? मी रात्रभर त्यावर विचार केला, कारण एकदा मी असाच गप्प बसलो आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे अहमद जमालची एक रेकॉर्ड होती. जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग लाउंजमध्ये वाजवलेली. ही रेकॉर्ड शंभराहून जास्त आठवडे अमेरिकेच्या यादीत राहिली. त्या यशानंतर जमालने शिकागोत 'अल्हंब्रा' नावाचं रेस्टॉरंट काढलं, जिथे दारू मिळत नसे. मला या माणसाचं भारी कौतुक. ती रेकॉर्ड आर्गो नावाच्या लेबलवर निघाली. इंग्लंडमध्ये त्याच नावाची कंपनी असल्यामुळे १९६५ मध्ये आर्गोचं कॅडेट झालं. माझी प्रत कॅडेटची होती. चोरबाजारात भेटलेल्या एका वयस्क गृहस्थांना ती पहिली प्रत वाटली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी आनंदाने जास्त पैसे दिले. मी खोटं बोललो नव्हतो, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो.

लहानपणी मदरशात ऐकलेला मदिनेच्या बाजारातला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. धान्याच्या ढिगात पैगंबरांनी हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजलं. पैगंबरांनी विचारलं, मग ओलं वर का नाही ठेवलंस? तो व्यापारीही एका शब्दाने खोटं बोलला नव्हता. वस्तूतला ऐब लपवून विकली, तर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला फिकहने दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. पण हक्क बजावायला आधी ऐब कळावा लागतो. त्या गृहस्थांना तो कधी कळला का, कोण जाणे. मी नंतर त्यांना शोधलं. सापडले नाहीत.

म्हणून मध्यस्थाला माझं उत्तर असं. उशिरा निघालेली प्रत असणं हा ऐब नाही, पण ती पहिली म्हणून विकणं हा ऐब आहे. घेणारा फक्त आवाजाचे पैसे देत नाही. ही वस्तू त्या वेळची, त्या कारखान्यातली आहे, या विश्वासाचेही देतो. तो विश्वास मला कितीही वेडेपणाचा वाटो, त्याचे पैसे खोट्यावर घेण्याचा हक्क मला नाही. कान नाही म्हणून रेकॉर्ड फेकणारा संगीताचा अपमान करतो, आणि कान आहे असं भासवणारा माणसाचा. मला विचाराल तर दुसरा मोठा.

पुण्याच्या तरुणाला मी दारातच सांगितलं. त्याचा चेहरा पडला. चहा झाल्यावर म्हटलं, आलाच आहात तर ऐकून जा. दोन्ही बाजू त्याने ऐकल्या, कोरा पट्टा दिव्याखाली धरून मोबाइलवर फोटो काढले, खुणा कशा वाचायच्या ते विचारून घेतलं आणि कळवतो म्हणून गेला. अजून फोन आलेला नाही. मध्यस्थ मात्र माझ्याशी बोलायचा बंद झाला आहे.

त्या दिवसापासून मी एक काम हाती घेतलंय. प्रत्येक रेकॉर्डच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी घालतो. लेबल कोणतं, पट्ट्यावर काय आहे, काय नाही, ओरखडे कुठे, कोणाकडून आणि केव्हा आली. माझ्या मुलांना जॅझमध्ये काडीचा रस नाही. माझ्यामागे ती हे सगळं विकतील, आणि तेव्हा त्यांना काहीच माहीत नसेल. संग्रह करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, ही एक चिठ्ठी लिहा.

मामूंच्या रेकॉर्डमधल्या चिठ्ठीवर लिहिलंय: कान नाही. आवाज उत्तम. मामूंनी न्यूयॉर्कहून आणली.