जुनी अमेरिकन पाककृती : आधी साल बघा, मग साहित्य

गेल्या महिन्यात एक काकू तपासणीला आल्या. वय ६४, मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. सहा महिने अमेरिकेत मुलीकडे राहून आल्या होत्या. जाताना एचबीए१सी ७.१ होतं, आता ८.४. औषधं नियमित, चालणंही नियमित. मग बिघडलं कुठे?

विचारता विचारता कळलं, की शेजारच्या अमेरिकन आजींशी त्यांची छान गट्टी जमली होती. त्या आजींनी आपल्या आईच्या पाककृती काकूंना वहीत उतरवून दिल्या आणि काकूंनी त्या हौसेने करून पाहिल्या. मी थोडं रागावलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, हे काही बर्गर-पिझ्झा नाही. सगळं घरी केलेलं, सत्तर वर्षांपूर्वीचं. तेव्हा कुठे होती भेसळ? आणि जेवणाआधी सॅलड खा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? ते तर मी रोज खाल्लं!"

हे सॅलड म्हणजे लिंबाच्या स्वादाची जेली, त्यात डब्यातला अननस आणि चीज.

"जुनं ते शुद्ध, जुनं ते पौष्टिक" हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. माझं मत असं, की पाककृतीचं वय हे तिच्या पौष्टिकतेचं प्रमाणपत्र नाही. ती कोणत्या दशकातली आहे हे पाहिलं, तर त्या वेळी स्वयंपाकघरात काय नवं आलं होतं आणि विज्ञानाला काय ठाऊक नव्हतं, ते कळतं.

अशा पाककृती शोधणं आता सोपं झालं आहे. फॅनी फार्मर यांचं १८९६ चं पुस्तक, १९३१ चं 'जॉय ऑफ कुकिंग', १९५० चं बेटी क्रॉकरचं सचित्र पुस्तक, चर्चमधल्या बायकांनी मिळून छापलेल्या पुस्तिका, डब्यांच्या लेबलांवरच्या कृती, असा मोठा खजिना आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने तर कितीतरी जुनी पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. जरूर वाचा. फक्त पुढच्या पाच जागी थांबा.

१. शॉर्टनिंग किंवा ओलिओ
ओलिओ म्हणजे मार्गारिन. शॉर्टनिंग म्हणजे आपल्या डालड्याचा भाऊ. १९११ साली सरकीच्या तेलापासून बनवलेलं 'क्रिस्को' अमेरिकेत बाजारात आलं आणि केक, पाय, बिस्किटं सगळं त्यात होऊ लागलं. त्यातले ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवतात आणि चांगलं (एचडीएल) घटवतात, हे १९९० च्या एका डच अभ्यासात स्पष्ट दिसलं. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षं लोक ते निर्धास्तपणे खात होते. अमेरिकेत २०१८ पासून अंशतः हायड्रोजनेटेड तेल खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. भारतात २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. आजच्या शॉर्टनिंगमध्ये ट्रान्स फॅट नगण्य असले, तरी संपृक्त चरबी बरीच असते. हृदयरुग्णांनी शक्य तिथे साधं तेल वापरावं.

२. "एक डबा सूप"
१९५५ साली कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी फरसबीचं कॅसरोल तयार केलं. फरसबी, मशरूम सूपचा डबा, दूध, सोया सॉस आणि वर तळलेला कांदा. आजही थँक्सगिव्हिंगला ते लाखो घरांत होतं. अशा घट्ट सूपच्या नेहमीच्या एका डब्यात साधारण ५ ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात खावं ते सगळं मीठ मिळून ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक डबा सहा जणांत वाटला गेला आणि वर्षातून एकदा खाल्ला, तर माझी तक्रार नाही. पण रक्तदाब असेल आणि दर आठवड्याला डबा उघडत असाल, तर गोळीचा डोस वाढवून काय उपयोग?

३. नावात सॅलड
जेलोच्या ८५ ग्रॅमच्या छोट्या खोक्यात सुमारे ७५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास १८ चमचे. त्यावर पाकातला अननस. मधुमेहींसाठी हे सॅलड नाही, मिठाई आहे. शिवाय जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून करतात, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

४. कच्चं अंडं
जुन्या एगनॉगमध्ये आणि घरच्या मेयोनेजमध्ये कच्चं अंडं सर्रास असतं. वरून स्वच्छ आणि न तडकलेल्या अंड्याच्या आतही साल्मोनेला असू शकतो, हे १९८० च्या दशकात लक्षात आलं. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे यांनी हा धोका पत्करू नये. एगनॉग करताना दूध-अंड्याचं मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत ढवळत तापवावं.

५. बरणीबंद भाज्या
इथे मात्र मी "अजिबात नको" म्हणतो. जुन्या कृतींत फरसबी, मका, बीट पाण्यासह बरणीत भरून नुसतं उकळायला सांगितलेलं सापडतं. बोट्युलिझम करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. हवाबंद, आंबटपणा नसलेल्या बरणीत ते वाढून असं विष तयार करतात, की श्वासाचे स्नायू लुळे पडतात. बरणीचा वास, रंग अगदी ठीक असू शकतो. आपल्या लोणच्याला आंबटपणा आणि मीठ राखतं, या बरणीला ते संरक्षण नसतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ सालीच अशा भाज्यांसाठी प्रेशर कॅनर वापरायला सांगितलं होतं. बरण्या भरायच्याच असतील, तर त्या खात्याच्या आजच्या तपासलेल्या सूचना वापरा, पणजीची वही नको.

मग वही फेकून द्यायची का?
मुळीच नाही. पाककृती ही आठवणही असते. फक्त ती वाचायला शिका. 'स्लो ओव्हन' म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअस, 'मॉडरेट' म्हणजे १७५ च्या आसपास. लोण्याची एक 'स्टिक' ११३ ग्रॅमची आणि अमेरिकन कप सुमारे २४० मिलीचा. साखर एक चतुर्थांशाने कमी केली, तरी बहुतेक केक बिघडत नाहीत. डब्यातल्या सूपऐवजी ताजे मशरूम, दूध आणि चमचाभर कणीक घेऊन सॉस पाच-दहा मिनिटांत होतो, आणि मीठ आपल्या हातात राहतं. त्याच पुस्तकांत घेवड्याचं सूप आहे, ओटमील आहे, साध्या भाजलेल्या भाज्याही आहेत. त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण फोटोत त्या जेलीसारख्या चमकत नाहीत.

काकूंशी माझी तडजोड झाली. कॅसरोल चालेल, घरच्या सॉसचं आणि सणापुरतं. हिरवी जेली नातवाच्या वाढदिवसाला, दोन चमचे. आणि जेवणाआधी सॅलड म्हणजे काकडी, टोमॅटो, गाजर! यापुढे "सॅलड खा" एवढंच सांगून मी थांबत नाही, कोणतं ते कागदावर लिहून देतो. चूक थोडी माझीही होती.