सातवा आणि रजेचा हिशेब

सातवा लागला की आईच्या फोनवर, सासूबाईंच्या तोंडी, जिन्यात भेटणाऱ्या काकूंकडून एकच वाक्य ऐकू येतं, ‘आता जपायचं हं!’ जपायचं म्हणजे काय करायचं, यावर मात्र कुणाचं एकमत नाही. सासूबाई म्हणतात, वाकू नकोस. आई म्हणते, जरा वाकून केर काढ, बाळंतपण सोपं जातं. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. आणि साहेब म्हणतात, सोमवारचं प्रेझेंटेशन तूच कर, फक्त तासभर तर उभं राहायचंय.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून तिसरी तिमाही धरतात. बाळ साधारण किलोभराचं झालेलं असतं, डोळे उघडू-मिटू लागलेलं असतं. शिवाय त्याला उचक्या लागतात, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. लाथ वेगळी, उचकी वेगळी. लाथेचा नेम नसतो. कधी बरगडीखाली, कधी थेट लघवीच्या पिशवीवर. उचकी मात्र एकाच जागी, ठरावीक अंतराने, टुक टुक टुक. परवा मीटिंगमध्ये वही पोटावर टेकवून बसले होते, तर वहीवरचं पेन आपोआप घरंगळायला लागलं. समोर कंपनीच्या तिमाहीचे आकडे वाचणं चाललं होतं. माझं सगळं लक्ष माझ्या तिमाहीत.

रात्रीचं वेगळंच. डाव्या कुशीवर झोपायचं, कारण पाठीवर पडलं की वाढलेल्या गर्भाशयाचा भार खालच्या अंगातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो. कारण पटलंय. पण कूस बदलायची तर आधी उशा हलवा, मग कोपरावर उठा, मग पोट वळवा, मग पाय. तेवढ्यात पोटरीत गोळा आला की सगळं पहिल्यापासून.

डोहाळजेवणाची तयारी जोरात आहे. हिरवी साडी आली, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर गेली. माझा आक्षेप फक्त त्या झाकलेल्या वाट्यांना. पेढा की बर्फी? पेढा निघाला, म्हणजे मुलगा होणार असं ठरलं, की टाळ्या जरा जास्त जोरात पडतात, हे मी दुसऱ्यांच्या डोहाळजेवणात नीट ऐकलंय. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने केला, 1988 साली. केंद्राचा आला 1994 मध्ये. सोनोग्राफीच्या दारातली पाटी वाचून घरी यायचं आणि वाट्या मांडायच्या, हे मला जमणार नाही. दोन्ही वाट्यांखाली नारळाची वडीच ठेवा, असं सांगून ठेवलंय. नणंद रुसली आहे. रुसू दे.

हौसेचं ठीक आहे, पण जपण्याचा खरा मुद्दा रजेचा आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 1961 च्या कायद्यातली बारा आठवड्यांची पगारी रजा 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. नंतर आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हाच हिशेब कायम ठेवला. पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या रजेतून वजा होतो. मग कोण घेणार? माझ्या ओळखीच्या बहुतेक जणी नववा महिना भरत आला तरी लोकलने ये-जा करत होत्या. पाय सुजलेले, चप्पल घट्ट झालेली, आणि हिशेब एकच, एकेक दिवस बाळासाठी वाचवायचा.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. मागणी केली तर! हे मी ऑफिसात विचारलं तेव्हा समोरून ‘असा नियम आहे?’ असा उलटा प्रश्न आला. नियमाची प्रत काढून अर्जाला जोडली आणि सोमवारचं प्रेझेंटेशन खुर्चीत बसून केलं. आकडे तेच राहिले.

मुंबईच्या विधिमंडळात 1928 साली बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. सरकारने उचलायचा तो खर्च मात्र बहुतेक नोकऱ्यांत आजही मालकाच्याच गळ्यात आहे. म्हणून तर लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत ‘पुढचा काय विचार?’ असं विचारलं जातं.

आणि ही सगळी चर्चा माझ्यासारख्या पगारी बायकांची. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताई स्वतःच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत चार घरची कामं करत होत्या. ‘बसून कोण देतंय, वहिनी?’ एवढंच म्हणाल्या. त्यांना रजेचा कायदा लागू होत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. चार घरच्या बुडालेल्या पगारापुढे ते किती पुरणार?

तेव्हा नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, तिसावा आठवडा लागायच्या आत हलक्या कामाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आणि ज्यांच्या घरी कामाला येणारी बाई सातव्यात आहे त्यांनी तिला आत्ताच सांगून टाका, बाळंतपणाच्या महिन्यांचा पगार कापणार नाही, आणि काम तुझंच राहील.