ब्रेकची कुरकुर

पावसाळ्याचे दिवस असतात. व्यापारी कुटुंबाची गाडी शनिवार-रविवार अंगणात भिजत उभी राहते. सोमवारी सकाळी दुकानाकडे निघताना पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला जातो आणि पुढच्या चाकातून ‘कुईं’ असा कर्कश आवाज निघतो. घरातील थोरांना वाटते, ब्रेक गेले. तरुणांना वाटते, काही होत नाही, चालते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ब्रेकचा प्रत्येक आवाज धोक्याचा नसतो, तसाच प्रत्येक आवाज सोडून देण्याजोगाही नसतो. म्हणून आधी निदान करावे आणि मगच उपाय.

बहुतेक लहान गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम पद्धतीचे ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि त्या घर्षणाने गाडी थांबते. या वेळी पॅड अतिवेगाने थरथरला, की कर्कश आवाज होतो. तो केव्हा होतो, हे दोन-तीन दिवस लक्षपूर्वक ऐकावे.

आवाज केवळ सकाळी होऊन पाच-सहा वेळा ब्रेक लावल्यावर नाहीसा झाला, तर तो डिस्कवर रातोरात धरलेल्या गंजाच्या पातळ थराचा असतो. पॅडच तो पुसून काढतो. काहीही करावे लागत नाही.

गाडी नीट थांबते, पण दर वेळी किरकिर होते, तेव्हा धूळ साचलेली असते, पॅडच्या पाठीमागचे ग्रीस वाळलेले असते किंवा पॅडला काचेसारखी तकाकी आलेली असते. भरल्या गाडीने आंबोली किंवा खंबाटकीसारखा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, की पॅड तापून अशी तकाकी येते. उतारावर खालचा गिअर वापरणे हाच यावरचा खरा उपाय.

तिसरा आवाज मात्र मुद्दाम योजलेला असतो. अनेक पॅडांना पोलादाची लहान पट्टी जोडलेली असते. पॅड झिजत आला, की ती डिस्कला घासून सतत किंचाळू लागते. पॅड बदलण्याची ही सूचना असते. ती दुर्लक्षिली, की पुढे खरखर सुरू होते. तेव्हा लोखंडावर लोखंड घासत असते. खरखर होणारी, ब्रेक लावताच एका बाजूस ओढणारी किंवा ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल जाणारी गाडी चालवू नये. मेकॅनिकलाच घरी बोलवावे.

पॅड किती उरला, हे चाकाच्या फटीतून टॉर्चने पाहता येते. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतो. तो 3 मिलिमीटरवर आला, की पॅड बदलावेत, आणि तेही डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम. बाहेरून केवळ बाहेरचा पॅड दिसतो. आतला अधिक झिजलेला असू शकतो, म्हणून शंका असल्यास चाक काढूनच पाहावे.

पॅड जाड असूनही किरकिर होत असेल, तर पुढच्या चाकांची सफाई घरी करता येते. हाताला सवय नसेल, तर पहिल्या वेळी जाणकार माणूस सोबत असावा. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. नट आधी थोडे सैल करून मगच जॅक चढवावा. गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात-पाय घालू नयेत.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, की बहुतेक गाड्यांत तो वर उचलता येतो. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. या वेळी ब्रेकचा पेडल कोणी दाबू नये, हे घरातील मुलांना आधीच सांगून ठेवावे. धुळीवर फुंकर मारू नये. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ओल्या फडक्याने पुसावे. तकाकी पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावी. ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीस पॅडच्या पाठीवर आणि तो सरकतो त्या कडांवर अगदी थोडे लावावे.

येथेच सर्वांत घातक चूक घडते. आवाज बंद व्हावा म्हणून काही जण डिस्कवर तेल सोडतात. आवाज थांबतो, पण त्याबरोबर घर्षणही जाते, आणि घर्षणाशिवाय गाडी थांबत नाही. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला तेलाचा वा ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. लागलाच, तर डिस्क क्लीनरने स्वच्छ करावी आणि तेल मुरलेले पॅड बदलावेत.

बोल्ट आणि चाकाचे नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. नट समोरासमोरचे आळीपाळीने घ्यावेत. गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक लागेपर्यंत अनेकदा दाबावा. हे विसरल्यास पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर सावकाश दोन-चार वेळा थांबून पाहावे आणि त्यानंतरच कुटुंबाला गाडीत बसवावे.

दुकानाच्या हिशेबासाठी जशी वही असते, तशी गाडीसाठीही एक लहान वही ठेवावी. तारीख, किलोमीटर आणि पॅडची जाडी एवढ्याच नोंदी पुरेत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ‘कुईं’ ऐकू आले, तर थोरांची भीती खरी की तरुणांचा धीर, याचा निर्णय ती वही देईल.