आरओ घेताय? आधी टीडीएस मोजा!

शेजाऱ्यांनी बसवला म्हणून तुमच्याही घरी आरओ आलाय? मग त्याची बाजूची नळी बघा. पंपाच्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून जातं, क्षार मागे राहतात आणि लिटरभर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर मोरीत! काळम्मावाडी धरणाचं पाणी तर पावसाचं, त्यात क्षार मुळातच कमी. टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९मध्ये सांगितलं. भीती जंतूंची आहे? इचलकरंजीतली २०१२ची काविळीची साथ घरच्यांना विचारा. पण त्यावर पाणी उकळणं किंवा यूव्ही पुरतं. बोअरचं पाणी खारट असेल तर आरओ जरूर घ्या. फक्त आधी टीडीएस मोजा, मग घरी वाद घाला!